शूर्पारकाची यात्रा

यात्रा म्हटली कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांतील मंडळींच्या डोळ्यांपुढें रामटेक, माहूर, पंढरपूर अशीं ठिकाणें उभीं राहतात. फार तर काशी-प्रयाग. नालासोपारा हें नांव त्या यादींत कोणी घालील असें नाहीं. म्हणून गेल्या माघांत आम्ही हिंगणघाटाहून सहकुटुंब नालासोपाऱ्यास निघालों, तेव्हां शेजारच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं "तेथें देवस्थान कोणतें?" असा सरळ प्रश्न केला, आणि आम्हांस त्याचें सरळ उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर थोडें लांबचें आहे. परशुरामानें सर्व पृथ्वी कश्यपास दान दिल्यावर त्याला स्वतःला राहावयास जागा उरली नाहीं. तेव्हां समुद्रानें मागें सरून त्याच्यासाठीं भूमि मोकळी केली, तिचें नांव शूर्पारक, असें महाभारताच्या शांतिपर्वांत सांगितलें आहे. वनपर्वांत पांडव तीर्थें करीत करीत येथें येतात. बौद्धांच्या कथांतही हें नगर वारंवार भेटतें. दिव्यावदानांतला पूर्ण नांवाचा व्यापारी याच नगरींतला. समुद्रावर सात वेळां जाऊन सुखरूप परत आलेला, आणि शेवटीं सर्व टाकून भिक्षु झालेला. लंकेस जाणारा विजय राजपुत्र प्रथम उतरला तो सुप्पारक बंदरावर, असें सिंहली बखरी म्हणतात. शूर्पारक, सोपारक, सुप्पारक, सोपारें, असें होत होत तें आज रेल्वेच्या पाटीवर 'नालासोपारा' झालें आहे.

परंतु आम्ही निघालों तें केवळ पुराणांसाठीं नव्हे. आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि इतिहास शिकविला. "भडोच, सोपारें, कल्याण व चौल हीं पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरें होत," हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. एका वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, भडोच आहे, कल्याण आहे, मग सोपाऱ्याचें बंदर गेलें कुठें?" आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक नाहीं असें म्हणावयाचें सोडून, परीक्षेंत येईल तेवढेंच विचारावें, असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. तो मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला आहे. कापसाच्या अडतींत त्यानें चांगलें नांव मिळविलें आहे, आणि रस्त्यांत भेटला कीं तो वांकून नमस्कार करतो. त्या नमस्कारासरशीं आम्हांस आमचें तें उत्तर आठवतें.

निमित्त मात्र घरचेंच झालें. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त सहा वर्षें नालासोपाऱ्यास राहतो. "काका, काकूंना घेऊन एकदां या," असें तो दर दिवाळींत म्हणे. संध्याकाळीं वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसमध्यें बसलों; निघण्यापूर्वीं कुटुंबानें नेहमींप्रमाणें सर्वांच्या हातावर दहीसाखर घातली. असल्या गोष्टींवर आम्ही एक-दोन शब्द बोलल्याशिवाय राहत नाहीं, तसे बोललों, आणि दहीसाखर खाल्ली.

कल्याण आलें तेव्हां उजाडत होतें. सहप्रवाशांपैकीं निम्मे उतरण्याच्या घाईंत होते. आम्हांस मात्र त्या फलाटावर एका ग्रीक व्यापाऱ्याची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतल्या या गृहस्थानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहून ठेविली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. स्वतःचें नांव त्यानें कोठेंच घातलें नाहीं. पण माल, भाव, वारे आणि खडक यांविषयीं तो जितका दक्ष आहे तितके आमचे पुराणकार असते तर इतिहासशिक्षकांचे कष्ट वांचले असते. भूमध्यसमुद्राच्या कांठचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, कांच आणि सोन्यारुप्याचीं नाणीं इकडे भडोचास येत. पैठण भडोचापासून वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून तगर पूर्वेस दहा दिवसांवर. तगराहून गाड्यांवर घालून कापड समुद्राकडे येई, हें सर्व त्यानें लिहिलें आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतलें तेर. मग तो सुप्पारा आणि कल्लिएना हीं बंदरें सांगतो, आणि लगेच एक चमत्कारिक गोष्ट नोंदतो. थोरल्या सरगनेसाच्या वेळीं कल्याण हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. संदनेसाच्या हातीं तें गेल्यापासून तेथील व्यवहारास अडथळा झाला, आणि ग्रीक जहाज चुकून तिकडे लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचास नेतात! सरगनेस या नांवांत बहुतेक विद्वानांस सातकर्णि दिसतो. त्या काळीं सातवाहन आणि क्षत्रप यांचें वैर होतें. लढाई राजांची, आणि जहाजें अडलीं व्यापाऱ्यांचीं.

दादरास गाडी बदलून नालासोपाऱ्यास पोहोंचलों. स्टेशनाबाहेरची गर्दी आम्हां हिंगणघाटकरांच्या कल्पनेबाहेरची. पुतण्याचें घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें, पण सुनेनें फार नेटकें ठेविलेलें. जेवतांना आम्हीं विचारलें, "अरे, स्तूप येथून किती लांब?" तो म्हणाला, "काका, नांव ऐकलें आहे. त्या बाजूला रिक्षा जाते." सहा वर्षें तेथें राहून त्यानें स्तूप पाहिला नव्हता. आम्हांस राग आला नाहीं. पहांटे साडेपांचला घर सोडणारा आणि रात्रीं नऊला परतणारा माणूस स्तूप पाहील केव्हां?

रविवारीं सर्वच निघालों. स्टेशनाच्या पश्चिमेस, इमारतींची दाटी विरळ होऊं लागते तेथें, झाडांच्या सावलींत कुंपण घातलेलें एक आवार आहे. आंत विटांचा एक ठेंगणा ढीग. गांवकऱ्यांच्या तोंडीं याचें जुनें नांव 'बुरुड राजाचा कोट'. कोट नव्हे, किल्लाही नव्हे. हाच तो सोपाऱ्याचा स्तूप. कोणीं तरी विटांवर पांढरीं फुलें वाहिलीं होतीं व मेणबत्ती लावून गेलें होतें. सूनबाईंनीं हळूच विचारलें, "काका, एवढेंच का?"

एवढेंच नव्हतें. १८८२ च्या एप्रिल महिन्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हा ढीग मधोमध उकरला. या पुरुषाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. जन्म १८३९ सालीं जुनागडास, म्हणजे गिरनारच्या पायथ्याशीं. तेथील अशोकाच्या शिलालेखाचीं अक्षरें लहानपणींच त्यांनीं लावण्यास घेतलीं. इंग्रजी विद्यालयाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. डॉक्टर भाऊ दाजींच्या हाताखालीं ते तयार झाले, आणि पुढें हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी पाठविली. आम्ही मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. असल्या माणसाचें चरित्र वाचलें म्हणजे मनास जो आधार मिळतो तो पदवीधर वाचकांस कदाचित् कळणार नाहीं.

तर विटांच्या गाभ्यांत भगवानलालांस एक मोठा गोल दगडी करंडा सांपडला. झांकण उचलतां आंत मध्यभागीं तांब्याचा करंडा, आणि त्याच्या भोंवतीं कडें करून बसविलेल्या आठ लहान ब्राँझच्या मूर्ति : सात बुद्ध आणि आठवा, अजून यावयाचा असलेला, मैत्रेय. तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, रुप्याच्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आंत सोन्याचा. जोडीस सोन्याचीं फुलें. आणि त्या सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंड्यांत काय असावें? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीं तरी ते जपून ठेविले होते. मातीचें खापर सांभाळण्यासाठीं सोनें, आणि सोनें सांभाळण्यासाठीं दगड! आम्ही तें सांगत असतां सूनबाईंनीं डोक्यावर पदर घेतला.

तेथें यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणेंही निघालें. तो राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतला. मूर्ति मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकांतल्या ठरतात. म्हणजे मध्यें सहा-सातशें वर्षें गेल्यावर कोणीं तरी हा गाभारा पुन्हां उघडला, मूर्ति मांडल्या आणि पुन्हां बंद केला. बंदरावरची वस्ती तोंपर्यंत श्रद्धावान् आणि सधन होती, याला याहून निराळा पुरावा नको.

'बुरुड राजा' हें नांव लोकांनीं कोठून काढलें असेल? संस्कृतांत शूर्प म्हणजे सूप. सुपें करतो तो बुरुड. नगराच्या नांवांतला शूर्प लोकांच्या कानांत राहिला, त्यांनीं त्याच्यासाठीं एक बुरुडही जन्मास घातला, आणि बुद्धाचा स्तूप त्याच्या नांवावर करून दिला, असें आम्हांस वाटतें. पंडित नगराचें नांव विसरले तरी लोक अर्धेंमुर्धें लक्षांत ठेवितात.

तेथून चक्रेश्वर महादेवास गेलों. तळें, देऊळ, आणि आवारांत ठेविलेले जुने पाषाण. त्यांत ब्रह्मदेवाची एक उभी मूर्ति आहे. ब्रह्मदेवाची मूर्ति महाराष्ट्रांत दुर्मिळ. आणि ही पुरुषभर उंचीची. कुटुंबानें हळदकुंकू काढलें, मग थबकून विचारलें, "अहो, ब्रह्मदेवाची पूजा करीत नाहींत ना?" आम्हीं म्हटलें, शास्त्र तसें आहे खरें. "मग आतां वाटी उघडली त्याचें काय?" असें म्हणून तिनें हळदकुंकू वाहिलें. शिलाहार राजांच्या अमलांत या परिसरांत देवळें उठलीं होतीं. त्याच काळांतली एक गोष्ट आम्हांस विशेष प्रिय आहे : कोंकणच्या अपरादित्य राजानें काश्मीरांतल्या पंडितसभेस तेजकंठ नांवाचा आपला विद्वान् पाठविला होता, असें मंख कवीनें बाराव्या शतकांतल्या श्रीकंठचरितांत लिहिलें आहे. कोंकणाहून काश्मीर! आम्ही वर्ध्याहून येथवर आलों तेवढ्यानें कंबर धरली होती.

पण बंदर कोठें? तें पाहण्यासाठींच तर आलों होतों. उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस उल्हासची म्हणजे वसईची खाडी, आणि मधल्या भूमींत शिरलेलें सोपाऱ्याच्या खाडीचें पाणी, अशी येथील जुनी रचना. समुद्रावरच्या वाऱ्यापासून आडोसा, भरतीबरोबर आंत येतां येईल असें पाणी, आणि मागें घाटांकडे जाणाऱ्या वाटा, एवढें असल्यावर त्या वेळच्या जहाजांस आणखी काय हवें? नद्यांचा गाळ वर्षानुवर्षें सांठत गेला. खाडी अरुंद झाली, उथळ झाली. आज पाण्याचा एक मळकट पट्टा, कांठीं खारफुटी, आणि पलीकडे मिठागरें, एवढें दृष्टीस पडतें. समुद्र पश्चिमेस कांहीं मैल दूर गेला आहे. परशुरामासाठीं मागें सरला तो पुन्हां सरलाच!

या खाडीकांठीं उभें असतां आम्हांस नाशिकचा एक लेख आठवला. पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें आपल्या दानांची यादी कोरविली आहे. भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोर्पारग येथें त्यानें धर्मशाळा बांधिल्या. पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर पैसे न घेतां पैलतीरीं पोंचविणाऱ्या नावा ठेविल्या. आणि सोर्पारगाच्या रामतीर्थासह इतर ठिकाणच्या चरकांस नानंगोल गांवीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें दिलीं. ज्या घराण्याच्या राजकारणानें एखादें बंदर अडवावें, त्याच घराण्याच्या जांवयानें त्याच किनाऱ्यावर फुकट नावा चालवाव्या! वसईच्या पट्ट्यांत नारळी अजून आहेत. रिक्षांतून जातांना आम्ही त्या मोजूं लागलों होतों, पण इमारतींनीं मोजणी मोडली.

बायबलांत शलमोन राजाचीं जहाजें टायरच्या हिराम राजाच्या खलाशांसह ओफीर नांवाच्या देशास जात व सोनें, चंदन, हस्तिदंत, मोर घेऊन परत येत, अशी कथा आहे. टायर हें भूमध्यसमुद्रावरचें पुरातन बंदर. बायबलाच्या ग्रीक भाषांतरांत ओफीरचें 'सोफीर' होतें, म्हणून तें सोपारेंच असें कित्येक विद्वानांनीं मोठ्या हौसेनें म्हटलें. तें सिद्ध झालेलें नाहीं, आणि आम्हांस त्याची गरजही वाटत नाहीं. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहराच्या राखेंतून हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति निघाली. तें शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीखालीं गाडलें गेलें. ती मूर्ति हिंदुस्थानांतली. आणि तिच्या सारख्या हस्तिदंती मूर्ति आपल्या तेर व भोकरदन येथें सांपडल्या आहेत. एवढा पुरावा हातीं असतां शलमोनाच्या मागें लागावें कशाला?

त्या विद्यार्थ्याचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें, असें वाटतें. सोपाऱ्याचें बंदर कोणीं एका दिवशीं जाळलें नाहीं. राजांनीं तें अडविलें, तरी तें पुन्हां उठलें. दहाव्या शतकांत अरब प्रवासी 'सुबारा' म्हणून त्याचें नांव घेतात. पण गाळास लढाई द्यावयास कोणी उभें राहिलें नाहीं. जहाजें मोठीं होत गेलीं, पाणी कमी होत गेलें. व्यापार ठाण्यास, वसईस आणि शेवटीं मुंबईस गेला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोहोंचली आणि आमच्या हिंगणघाटचा कापूस थेट मुंबईच्या धक्क्यावर उतरूं लागला. त्याच्या पूर्वजांनीं दुसरें पाणी पाहिलें असेल. हें सर्व आम्हीं त्या अडत्यास पत्रानें कळविलें आहे, आणि पंचवीस वर्षें उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली आहे.

एक खंत मात्र मनांतून जात नव्हती. सोपाऱ्यांत सोपाऱ्याचें फारसें कांहीं उरलें नाहीं. करंडे आणि मूर्ति मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं. अशोकाच्या लेखांचे तुकडे संग्रहालयांत. आमच्या पवनारास धाम नदीच्या कांठीं जमिनींतून निघालेलीं रामकथेचीं शिल्पें विनोबांच्या आश्रमांतच राहिलीं. भरतभेटीचा पाषाण आजही त्याच भूमीवर पाहावयास मिळतो. तसें येथें झालें असतें तर सूनबाईंनीं "एवढेंच का?" असें विचारलें नसतें. पण लगेच मनांत येतें, या गर्दींत तो सोन्याचा करंडा कोणीं राखला असता?

दुसऱ्या दिवशीं मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत गेलों. सोपाऱ्यास अशोकाच्या चौदा लेखांपैकीं दोहोंचेच तुकडे मिळाले आहेत. आठव्याचा तुकडा १८८२ सालीं भगवानलालांसच भातेला तळ्याजवळ सांपडला. लहानसा फुटका दगड, थोडीं अक्षरें; पण गिरनारच्या पायथ्याशीं वाढलेल्या माणसास तेवढीं पुरलीं. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं भुईगांव येथें मिळाला. काळ्या दगडावरचीं तीं ब्राह्मी अक्षरें पाहतांना आम्हांस अजिंठा पाहतांना झाला नाहीं तेवढा आनंद झाला. बावीसशें वर्षांपूर्वीं बंदरावर उतरणाऱ्या परक्या खलाशानें, तगराहून आलेल्या गाडीवानानें, हें उभें राहून ऐकलें असेल.

आणि योगायोग पाहा. आठव्या लेखाचा विषय यात्रा! पूर्वींचे राजे विहारयात्रेस जात, मृगया करीत. मी अभिषेकानंतर दहा वर्षांनीं संबोधीस गेलों, तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. तींत श्रमण-ब्राह्मणांचें दर्शन, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलणें होतें, असा त्याचा आशय आहे. हें आम्हीं कुटुंबास मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. शेजारच्या स्नेह्यांस द्यावयाचें उत्तर सांपडलें, असेंही म्हटलें.

"आणि हा दुसरा?" तिनें विचारलें.

नवव्या लेखांत राजा म्हणतो कीं, लोक आजारपणांत, मुलामुलींच्या लग्नांत, पुत्रजन्माच्या वेळीं आणि प्रवासास निघतांना नाना प्रकारचीं मंगलें करतात. त्यांतही स्त्रिया फार, आणि पुष्कळशीं क्षुल्लक. तीं करावीं, पण त्यांचें फळ थोडें. दासांशीं व चाकरांशीं नीट वागणें, गुरूंचा आदर, जिवांविषयीं संयम, दान, हें खरें मंगल. आम्हीं हें वाचून दाखविलें तें, खरें सांगावयाचें तर, थोड्या विजयाच्या सुरांत. दहीसाखरेवर चाळीस वर्षें चाललेल्या वादांत साक्षात् सम्राट् आमच्या बाजूनें उभा राहिला होता.

कुटुंब दगडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या काळींही बायका निघणाऱ्याच्या हातावर कांहीं तरी घालीतच होत्या. करूं नका असें तर त्यानेंही म्हटलें नाहीं ना?"

म्हटलें नव्हतें. 'तीं करावीं' असेंच त्याचें म्हणणें आहे. आम्हींच तें घाईनें वाचलें होतें.

परतीच्या संध्याकाळीं पुतण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या दाराशीं सामान बाहेर काढलें. पुतण्या जिना उतरून रिक्षा पाहावयास गेला. सूनबाई आंतून दह्याची वाटी घेऊन आल्या आणि क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहून घुटमळल्या. काकूंनीं त्यांस संग्रहालयांतली गोष्ट सांगितली असावी. आम्हीं मुकाट्यानें हात पुढें केला.